बदललो नव्हे, शिकलो

ओमा रेहागेनच्या, म्हणजे जर्मन वळणाच्या या घरातल्या आजीच्या, शहाऐंशीव्या वाढदिवशी भिंतीवरचा क्रूस ठेवायचा की काढायचा, यावरून सकाळी साडेआठलाच जुंपली.

"काढायचा नाही, थोडा डावीकडे सरकवायचा," डॉन केसिंजर म्हणाली. ओमाच्या मुलाच्या, नॉर्बर्टच्या, प्रचाराचा सगळा गाडा हीच हाकायची, आणि आज त्याची टीव्हीवरची जाहिरात इथेच चित्रित व्हायची होती. एकोणीस निवडणुका तिने अंगावर घेतल्या होत्या, स्वतः एकदाही उभी न राहता. "विद्यापीठाच्या गावात तो दिसायला नको."

"आणि पश्चिमेकडच्या तीन काउंट्यांत?" नॉर्बर्टने विचारलं.

"तिथे दिसायलाच हवा."

कॅमेरावाला शिडीवरून खाली उतरला, कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, अर्धा येतोय."

"अर्धाच राहू दे. ज्यांना हवाय त्यांना दिसेल, ज्यांना नकोय त्यांना खिडकीची चौकट वाटेल."

चुलीपाशी ओमा पिठाने माखलेल्या हातांनी कोंबडीचे तुकडे उलथत होती. तिने मान न वळवताच विचारलं, "बाई, त्याला एकदा पुरा खिळलाय ना? आता अर्धा कशाला?"

नॉर्बर्ट हसला. त्याला काही सुचलं नाही की तो हसायचा, आणि ते हसू चांगलं होतं. अठ्ठावीस वर्षं त्या हसण्यावरच तो राज्याच्या विधिमंडळात निवडून येत होता. आज त्याने तिसरा शर्ट घातला होता. पहिल्यात तो राजधानीतला वाटला, दुसऱ्यात नाटकातला शेतकरी. हा तिसरा चौकड्यांचा. डॉनच्या मते या शर्टात तो "ऐकून घेणारा माणूस" दिसत होता.

ऐकून घेण्याची वेळ खरंच आली होती. ऑगस्टात पक्षाचं तिकीट मिळवताना त्याने देशाच्या संसदेत, वॉशिंग्टनला, जाण्याच्या शपथा घेतल्या होत्या आणि समोरच्या तिन्ही उमेदवारांपेक्षा जास्त कडक बोलला होता. पण मतदारसंघाच्या रेषा नव्याने आखल्या गेल्या होत्या. झाडीतून चालताना विजारीला गोखरू चिकटावं तसं अर्धं विद्यापीठाचं गाव त्याच्या मतदारसंघाला येऊन चिकटलं होतं. समोर उभी होती एक घोड्यांची डॉक्टरीण. आयुष्यात तिने एकच भाषण दिलं होतं, तेही एका खेचराच्या मालकाला, आणि ती चार टक्क्यांनी पुढे होती.

गर्भपाताच्या विषयावर नॉर्बर्ट काय म्हणत आला, हे वालबुर्गा गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. पहिल्या निवडणुकीत तो म्हणाला होता, हे बाईचं आणि तिच्या डॉक्टरचं आपसातलं, सरकारने दाराबाहेर उभं राहावं. तेव्हा तो एकेचाळीस मतांनी आला. आठ वर्षांनी चर्चच्या सभागृहात म्हणाला, सरकारने दार ठोठावलंच पाहिजे. पुढे गर्भपातबंदीचा कायदा आला तेव्हा राजधानीत बोट उंचावून अकरा मिनिटं बोलला. मग राज्यातल्या लोकांनी मतदान करून तो कायदा उलटवला. त्या दिवशी नॉर्बर्टने जनतेचा कौल शिरावर घेतला आणि गेल्या ऑगस्टात, तिकीट मिळवायचं होतं तेव्हा, जनता गोंधळली होती असं सांगितलं.

गंमत म्हणजे तो खोटं कधीच बोलला नाही. जे बोलायचा ते बोलताना त्याला खरंच वाटायचं. त्याची अडचण नेमकी हीच होती.

"कार्ड वाचलं का, सेनेटर?" डॉनने निळा पुठ्ठा पुढे केला. निळा विद्यापीठाच्या गावासाठी, पिवळा बाकीच्यांसाठी.

नॉर्बर्टने घसा साफ केला. "माझ्या घरातही दुःख आलं. माझ्या स्वतःच्या मुलीवर तो प्रसंग आला. आणि एक बाप म्हणून माझं मत बदललं..."

"शिकलो," डॉन म्हणाली.

"काय?"

"बदललं नाही. ‘एक बाप म्हणून मी शिकलो.’ आम्ही लोकांना विचारून पाहिलंय. ‘बदललो’ म्हटलं की लोकांना सरडा आठवतो, ‘शिकलो’ म्हटलं की शाळा. नऊ टक्क्यांचा फरक पडतो."

"कुणाच्या मुलीवर काय प्रसंग आला?"

दारात व्हेरेना उभी होती. हातात घरी भाजलेली पीचची गोड पाई, काखेत आईसाठी आणलेला नवा कोट. व्हेरेना नॉर्बर्टहून चार वर्षांनी मोठी. बत्तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती आणि अजूनही कुणाकडे बघितलं की त्याचा ताप मोजल्यासारखी बघायची. तिच्यात आणि आईत या विषयावरून असा खटका उडाला होता की शेवटी तह झाला: जेवणाच्या टेबलावर तो विषय आणि कुत्रा, दोन्ही चढवायचे नाहीत. तीस वर्षं दोघींनी तो तह पाळला होता. कुत्री तीन झाली.

"ग्रेटाला विचारलंस?" व्हेरेनाने पाई टेबलावर ठेवली.

"आज विचारणारच आहे."

"कॅमेरा लावून?"

"व्हेरेना, नाव घेणार नाहीये मी तिचं."

"अरे, तुला मुलगी एकच आहे! नाव कशाला घ्यायला हवं?"

मागच्या दारातून उर्बान आत आला. हा धाकटा. पहाटेपासून तो चर्चच्या पिकनिकसाठी सॉसेज भाजत होता आणि धुराने असा माखला होता की डॉनने आपोआप खिडकी उघडली. आज सप्टेंबरातला पहिला रविवार, सेंट वालबुर्गा चर्चची पिकनिक. दुपारी गोधड्यांच्या लिलावाआधी दोन मिनिटं बोलायचा मान दरवर्षी नॉर्बर्टचा असायचा.

"व्हेरेना, आज तरी त्याला सतावू नकोस," उर्बान म्हणाला. "तो वॉशिंग्टनला गेला की माझा पूल होणार आहे. गेल्या वसंतात ओढ्याच्या पलीकडे माझ्या बावीस गाई अकरा दिवस अडकल्या होत्या. अकरा दिवस! मी होडीतून चारा नेला."

"तुझ्या पुलासाठी ग्रेटाला टीव्हीवर उभी करायची का?"

"उभी कुठे, नुसता उल्लेख..." उर्बानने आईकडे बघितलं. आई तव्याकडे बघत होती. आई तव्याकडे बघायला लागली की कुणाची तरी शंभर टक्के चूक असायची. कुणाची ते मात्र कळायचं नाही. उर्बानने सावधपणे एक सॉसेज बशीत ठेवलं.

"ओमा आमच्या बाजूने आहेत," डॉन गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही फक्त टेबलाच्या टोकाला बसायचं, सेनेटरसाहेबांच्या हातावर हात ठेवायचा. जुनी श्रद्धा, नवी समज. दोन्ही एका चौकटीत."

"मी काय म्हणायचं?"

"काही नाही."

"मग जमेल असं वाटत नाही," ओमा म्हणाली.

दहाला ग्रेटाची गाडी आली. एकतीस वर्षांची, राज्याच्या राजधानीत, जेफरसन सिटीच्या शाळेत बॅण्ड शिकवायची, म्हणून पंचावन्न पोरांच्या गोंगाटातही तिचा आवाज सहज ऐकू यायचा. आज मात्र तिने हळू आवाजात ओमाला शुभेच्छा दिल्या, कॅमेरे बघितले, अर्ध्या क्रूसाकडे बघितलं आणि बापाकडे वळली.

"बाबा, हे काय आहे?"

"चल, मागच्या ओट्यावर बसू."

ग्रेटाची आई कॉलीन वारल्यापासून, म्हणजे गेली आठ वर्षं, या बापलेकींचं बोलणं हवेपुरतं राहिलं होतं. पाऊस आला का. तुमच्याकडे आला का. आमच्याकडे नाही आला. तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलनंतर तर हवाही जपून निघायची. त्या एप्रिलमध्ये ग्रेटाला गरोदरपणाचा एकोणिसावा आठवडा होता. गर्भातलं पाणी गेलं. बाळ वाचणार नव्हतं, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पण त्याच्या हृदयाचे ठोके चालू होते आणि कायदा नवा होता. शेवटी व्हेरेनाने तिला गाडीत घातलं आणि नदीपलीकडे इलिनॉय राज्यात नेलं, जिथे तो कायदा नव्हता. नॉर्बर्टला एवढं ठाऊक होतं. यापलीकडचं त्याने विचारलं नव्हतं, आणि न विचारण्याला तो "तिला वेळ देणं" म्हणत आला होता.

ओट्यावर त्याने शर्टाच्या खिशातून निळा पुठ्ठा काढला, पुन्हा आत ठेवला, पुन्हा काढला. शेवटी ग्रेटानेच तो हातातून घेतला आणि मोठ्याने वाचला. तिचा तो बॅण्डवाला आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला.

"‘एक बाप म्हणून मी शिकलो.’ काय शिकलास?"

"हे बघ, ग्रेटा. यातून तुझ्यासारख्या कितीतरी मुलींना..."

"ते कार्डावर पुढे आहे, मी वाचलंय. मी तुला विचारतेय. काय शिकलास?"

नॉर्बर्टने खिशात हात घातला. कार्ड ग्रेटाकडे होतं.

"बरं, सोपा प्रश्न विचारते. तेव्हा तू कुठे होतास?"

"अधिवेशन चालू होतं. तुला माहितीये."

"शुक्रवारी संध्याकाळी अधिवेशन नव्हतं, बाबा. तू गर्भपातविरोधकांच्या मेजवानीला होतास. तुला ते काचेचं बक्षीस मिळालं."

ते बक्षीस त्याच्या ऑफिसात होतं. काचेची दोन इवलीशी पावलं, खाली त्याचं नाव कोरलेलं. नॉर्बर्टच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "मला तेव्हा नक्की कळलं नव्हतं गं, किती गंभीर..."

"विचारायचं होतंस. आत्याला विचारायचं होतंस. ओमाला विचारायचं होतंस."

"आईला काय विचारणार? आईला यातलं काय माहीत?"

स्वयंपाकघरातली खुडबुड थांबली. तव्यावरचं तेल तेवढं चुरचुरत राहिलं. मग जाळीच्या दारामागून ओमाचा आवाज आला.

"मी मागच्या सीटवर होते."

नॉर्बर्ट वळला. आई दारात उभी होती. हातातल्या चिमट्यात कोंबडीची एक तंगडी तशीच.

"तू? इलिनॉयला?"

"व्हेरेना गाडी चालवणार. मग पोरीचं डोकं कुणी धरायचं? दोन तास वीस मिनिटं. तिला उलट्या होत होत्या आणि इथल्या हॉस्पिटलने सोडताना हातात एक कागदी पिशवी दिली होती. कागदी! म्हणून मी लोणच्याची बादली घेतली."

"पण आई, तू तर... तुझं मत..."

"माझ्या मताला काय झालं? पन्नास वर्षांपूर्वी होतं तिथंच आहे. पोटातलं लेकरू देवाचं असतं." ओमाने तंगडी पुन्हा तव्यात टाकली आणि ओट्यावर आली. "पण पोरगी तापाने फणफणली होती आणि डॉक्टर वकिलाला फोन करत होता. मी मत घरी ठेवलं आणि गाडीत बसले. परत आल्यावर घेतलं. शनिवारी फादर ऑल्विनकडे जाऊन सगळं सांगितलं. ते काय म्हणाले ते माझं आणि त्यांचं. त्यांच्याकडे मी मतं मागायला गेले नव्हते, नॉर्बर्ट."

व्हेरेना आईच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"त्यांनी त्या बाळाला टोपी घातली तिकडे," ओमा ग्रेटाकडे बघत म्हणाली. "निळी. या घरातल्या प्रत्येक लेकराची टोपी मी विणली. त्याची तेवढी राहिली."

ग्रेटाने ओमाचा पिठाचा हात हातात घेतला. नॉर्बर्टला वाटलं, आपणही काहीतरी धरावं. त्याच्या हाताला ओट्याचा कठडा लागला. कॉलीन असती तर गाडीत तीच बसली असती. हा विचार त्याच्या मनात गेल्या तीन वर्षांत एकदाही आला नव्हता; आता आला.

नेमकी तेव्हाच डॉन दारात आली. तिचे डोळे पाणावले होते आणि त्या पाण्यातही चकाकी होती.

"हे सोनं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आजी! मागच्या सीटवर! जपमाळ हातात घेऊन! विद्यापीठाचं गाव रडेल. आणि तीन काउंट्यापण रडतील, त्याच सेकंदाला! मी एकोणीस निवडणुकांत असं..."

"जपमाळ नव्हती," ओमा म्हणाली. "बादली होती."

"बादली दाखवायची गरज नाही."

"बाई, मला एक सांग. तुम्ही माझ्या घरात किती जण जेवायला आहात?"

"आम्ही... तिघं."

"तिघांना वाढते. डब्यात भरून देते. मग ते यंत्र उचलायचं."

"ओमा, नुसतं एक मिनिट बोललात तरी..."

"ती नाही म्हणालीये," व्हेरेना म्हणाली.

"मी नाही म्हणालेय," ओमा त्याच दमात म्हणाली, आणि दोघी मायलेकी एकमेकींकडे बघून जरा बिचकल्या. तीस वर्षांत या विषयावर दोघींचं एकमत पहिल्यांदाच झालं होतं. कुणालाच सवय नव्हती.

उर्बानने आतून सॉसेज चावत विचारलं, "म्हणजे आता जाहिरात नाही? मग पूल?"

"तू गाई विक," ओमा म्हणाली.

"आई!"

"नाहीतर अलीकडे आण. ओढा चढतो हे गाईंना माहीत नाही, तुला माहितीये."

उर्बानने थोडा वेळ विचार केला आणि आईच्या बाजूला येऊन उभा राहिला. ओट्यावर आता एका अंगाला चौघं होते आणि दुसऱ्या अंगाला नॉर्बर्ट, हातात निळा पुठ्ठा. पलीकडे डॉन फोनवर कुणाला तरी "पाच मिनिटं" असं सांगत होती.

"मला काय करायला सांगतेस, ग्रेटा?" त्याने विचारलं. हे तो हसून विचारायला गेला, पण हसू आलंच नाही.

"मी काही सांगत नाहीये. तू नेहमी विचारतोस, काय बोलू, कसं बोलू. बाबा, माझी गोष्ट माझी आहे. ओमाची ओमाची. तुझी तुझ्याकडे आहे. सांगायची तर ती सांग. पण जी पिकनिकमध्ये सांगशील तीच विद्यापीठात सांग. शब्दाला शब्द."

"एवढंच?"

"तुला ‘एवढंच’ वाटतंय?"

पिकनिकला दरवर्षीसारखी गर्दी होती. मेपलच्या झाडांखाली लांब टेबलं, बिंगोच्या मांडवात आजोबांची आकड्यांवर मक्याचे दाणे ठेवण्याची घाई, तळणीचा वास थेट रस्त्यापर्यंत. मंचावर दोरीला एकतीस गोधड्या टांगल्या होत्या. तीन वाजता फादर ऑल्विननी माइकवर टिचक्या मारल्या. "आता आपले सेनेटर दोन मिनिटं बोलतील. सेनेटर, दोन म्हणजे दोन."

लोक हसले. डॉन मंचाच्या पायरीशी होती. तिने हळूच पिवळा पुठ्ठा नॉर्बर्टच्या हातात सरकवला. "इथे पिवळं. आजी गाडीत नव्हती. आज फक्त सेंट वालबुर्गा, पूल आणि सोयाबीन."

नॉर्बर्ट वर गेला. समोर सगळे ओळखीचे चेहरे. पहिल्या रांगेत ओमा नव्या कोटात, सप्टेंबरच्या उन्हात घामाघूम. पण व्हेरेनाने आणलाय म्हटल्यावर काढायला तयार नाही. शेजारी व्हेरेना. ग्रेटा कुठे दिसेना. त्याने पिवळ्या पुठ्ठ्याकडे बघितलं. त्यावरचं पहिलं वाक्य होतं, "तुम्ही मला ओळखता."

"तुम्ही मला ओळखता," तो म्हणाला आणि थांबला. पुठ्ठा त्याने खिशात घातला. "या विषयावर, म्हणजे बाळंतपणाच्या, गर्भाच्या, त्या कायद्याच्या विषयावर, मी या मंचावरून आजवर चारदा बोललोय. चारही वेळा वेगळं बोललो. चारही वेळा तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

"मी नाही वाजवल्या!" बिअरच्या मांडवातून कुणीतरी ओरडलं.

"तू चारही वेळा बिअर ओतत होतास, क्लेमेन्स, तुझे हात मोकळे नव्हते."

हशा झाला. नॉर्बर्टच्या अंगात ते जुनं ऊबदार काहीतरी चढायला लागलं, आणि त्याला कळलं की आता याच हशावर स्वार होऊन सोयाबीनपर्यंत सहज जाता येईल. त्याने कठडा धरला.

"तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी माझी मुलगी हॉस्पिटलात होती. मी ज्या कायद्यासाठी अकरा मिनिटं बोललो, त्याच कायद्याला घाबरून तिचा डॉक्टर वकिलाला फोन करत होता. तिचं काय झालं ते मी सांगणार नाही, ते तिचं आहे. मी माझं सांगतो. मी त्या संध्याकाळी राजधानीत एका मेजवानीत भाजलेलं मांस खात होतो. मला एक बक्षीस मिळालं. त्यानंतर चार दिवस मी तिला फोन केला नाही. कामात होतो म्हणून नव्हे. काय बोलायचं ते मला आधी डॉनला विचारायचं होतं, आणि डॉन सुट्टीवर होती."

आता कुणी हसत नव्हतं. डॉनने फोन कानाला लावला होता, पण फोनवर कुणीच नव्हतं.

"तुम्ही विचाराल, मग तुझं मत काय? मला ते लेकरू लेकरूच वाटतं. माझ्या आईने तसंच शिकवलंय. आणि त्या खोलीत जेफरसन सिटीने, म्हणजे मी, शिरायला नको होतं असंही वाटतं. ही दोन्ही एका पिशवीत नीट बसत नाहीत, मला माहितीये. मी बसवून बघितली. पण मंगळवारी विद्यापीठात मी हेच सांगणार आहे, आणि तिथेही बहुधा असंच शांत वाटेल. धन्यवाद. फादर, दोन मिनिटं झाली."

टाळी पडली नाही. मागच्या टेबलावरचं एक कुटुंब उठलं आणि पाई ताटात तशीच टाकून गेलं. एका म्हातारीने डोळ्यांना रुमाल लावला. तो घामासाठी की कशासाठी ते कळायला मार्ग नव्हता. फादर ऑल्विननी माइक घेतला, नॉर्बर्टच्या पाठीवर हात ठेवला, ठेवलेला हात काढायचं विसरले आणि त्याच अवस्थेत म्हणाले, "पहिली गोधडी. दोघांच्या पलंगाची. बोला."

"चारशे!" ओमा ओरडली.

"आई, तुझ्याकडे अकरा गोधड्या आहेत," व्हेरेना म्हणाली.

"कुणीतरी काहीतरी बोलायला नको का?"

त्या दोन मिनिटांनी नॉर्बर्टचं काय झालं, यावर रेहागेनांच्या घरात अजून वाद होतात. मंगळवारी तो विद्यापीठात खरोखर तेच बोलला, शब्दाला शब्द. तिथेही तसंच शांत वाटलं. डॉनने तिसऱ्या आठवड्यात राजीनामा दिला आणि जाताना म्हणाली की आपल्या धंद्यात खरं बोलणाऱ्या माणसासाठी कार्डच छापत नाहीत. नोव्हेंबरात घोड्यांची डॉक्टरीण अकराशे चाळीस मतांनी निवडून आली. विद्यापीठाच्या गावाला नॉर्बर्ट फार उशिरा आल्यासारखा वाटला आणि वालबुर्गाला फार लवकर गेल्यासारखा. उर्बानच्या मते पूल त्याच दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी वाहून गेला. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी नॉर्बर्ट मंचावरून उतरला तेव्हा त्याच्याभोवती कुणी जमलं नाही. अठ्ठावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मंचापासून जेवणाच्या मांडवापर्यंतची शंभर पावलं त्याला नेहमी पाऊण तास पुरायची. आज दोन मिनिटांत संपली. आपल्या हातांचं काय करायचं ते त्याला समजेना, म्हणून तो रांगेत उभा राहिला. पुढचा माणूस वळला, त्याला बघून पुन्हा सरळ झाला. मागच्या बाईने मुलाला जवळ घेतलं आणि मग, काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "सरका पुढे, सेनेटर, जागा आहे."

वाढायच्या टेबलामागे केसांना जाळी बांधून ग्रेटा उभी होती. दोन तास वाढपाचं काम तिच्याकडे होतं. इथून मंच दिसत नव्हता, पण कर्णा थेट तिच्या डोक्यावर टांगलेला होता.

तिने त्याच्या ताटात बटाटे वाढले. कोबी वाढला. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या आणि चेहरा मात्र पंचावन्न पोरांना गप्प करणाऱ्या बाईचा.

"तंगडी की पंख?" तिने विचारलं.

"जे जास्त उरलं असेल ते दे. लोकांना काय जास्त आवडतंय..."

"बाबा."

"हं?"

"मागे रांग आहे."

नॉर्बर्टने मागे बघितलं. साठ-सत्तर माणसं, सगळी मतदार, ताटं हातात धरून त्याच्याकडे बघत होती. त्याने पुन्हा ग्रेटाकडे बघितलं.

"तंगडी," तो म्हणाला.

ग्रेटाने दोन वाढल्या.